मोरीवरची जाळी

भद्रावती पेठेत कुणालाच पटलं नाही
की राजमल्लू येलदी दर्यावर होता.
मागावरचा माणूस. पोहणं येत नाही,
हिप्परग्याच्या तळ्यातही गुडघ्यापुढे गेला नाही कधी.
कसलं जहाज, विचारलं की नायना म्हणायचा, "टँकचं."
बायका हसायच्या : मग एक टाकी इकडं उतरवायची होती की!
तो दुरुस्त करत बसायचा नाही.

जहाजाला नाव नव्हतं.
नुसता नंबर, गिरणीतल्या बिल्ल्यासारखा.
तळ परातीसारखा सपाट,
साध्या वाऱ्यातही असं लोळायचं
की तुझा भात शेजाऱ्याच्या ताटात.
तोंडाला दोन दारं.
बाकीची जहाजं किनाऱ्याला भितात,
हे मुद्दाम जाऊन रुतायचं.
त्याआधी मात्र मागे, खोल पाण्यात,
नांगर टाकून ठेवायचं.
काम झालं की त्याच तारेवर स्वतःला ओढत
उलटं निघायचं.

आराकानचा किनारा म्हणजे चिखल.
दारं उघडली. पाच रणगाडे गेले.
सहावा गेला तो गेलाच.
नायना खाली, इंजिनापाशी.
त्यानं पाहिलं काहीच नाही,
साखळ्या सुटल्याचे आवाज मोजले फक्त,
आणि सहाव्यानंतरची वरची शांतता.
मग ओहोटी लागली.
रात्रभर जहाज तिथंच, जबडा उघडा टाकून.
रत्नागिरीकडचा दाऊद खतीब
दर तासाला सांगत होता भरती कधी येणार ते.
बरोबर सांगत होता.
भरती आली तेव्हा दाऊद नव्हता.

परतताना रणगाड्यांच्या जागी माणसं.
रांगेनं, आडवी.
डेकच्या लोखंडात, साखळ्या अडकवायला,
चार पाकळ्यांचे खळगे होते जागोजाग.
"फुलं," म्हणायचा नायना.
ती भरायची.
कशानं, ते अम्मासमोर कधी सांगितलं नाही.
त्याच्याकडे एक वाटी होती आणि चिंध्या.

लढाई संपली. जहाजानं तांदूळ वाहिला,
खेचरं वाहिली, मग कुणाला लागेना.
पंचावन्न साली पत्र आलं :
तुझा नंबर दारूखान्यात आलाय, तोडायला.
नायनानं दोन दिवसांचा खाडा केला.
भरतीला आणून चिखलात घातलं होतं,
या खेपेला मागे नांगर न टाकता.
दारं उघडी. आतून गॅसवाले येत होते
बिड्या ओढत.
तो दिवसभर बसला.
संध्याकाळी मुकादमाला एक चादर दिली, नवी, घडीची,
आणि वीतभर पत्रा कापून घेतला.
मेलमध्ये तिकीट तपासनीसानं विचारलं,
पायाखाली काय आहे?
"जहाज."

अम्माला वाटलं, फुलाचं काही आणलंय.
उंबऱ्यापुढं मांडून तिनं भोवती मुग्गू काढला.
नायना म्हणाला, मोरीला बसवायचंय.
फुल? मोरीत?
दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.
त्यानं कन्ना चौकातल्या लोहाराकडून
खळग्याचा तळ फोडून आणला,
सिमेंट स्वतः कालवलं.
"आता साचणार नाही," एवढंच म्हणाला.
आम्हाला वाटलं, सांडपाण्याचं बोलतोय.

हल्ली नळाला चार दिवसांनी पाणी येतं,
कधी रात्री दोनला. मी उठते.
पिंप, घागरी, बादल्या, पातेली,
लोट्यापर्यंत सगळं भरून होतं.
प्लंबरचं पोरगं म्हणालं,
मावशी, गंजलीय, स्टीलची टाकतो, साठ रुपये.
नको म्हटलं.

बहात्तरच्या दुष्काळात
पेठेत घोटाघोटावरून भांडणं व्हायची.
तेव्हासुद्धा नायना अंधारात उठून
एक घागर त्या जाळीवर ओतायचा.
अख्खी घागर.
अम्मा कपाळ बडवून घ्यायची : वेड लागलंय का?
तो पाणी पाकळ्यांतून जाईपर्यंत उकिडवा बसून राहायचा,
मग उठताना, गुडघ्यावर हात टेकून,
"भरतीची वेळ झाली होती," म्हणायचा.